जुन्या ट्रॅकर फायलींतून वाद्यसंच : पार्श्वभूमी

बडोद्यात १८८६ मध्ये सुरू झालेल्या गायनशाळेशी संगीतज्ञ मौलाबक्षांचे नाव आणि त्यांची स्वरलेखनपद्धती कायमची जोडलेली आहे. अशा लेखनात स्वर आणि मात्रा टिपल्या जातात. आवाज मात्र ज्याचा त्याने आणायचा असतो. ट्रॅकर या संगणकीय संगीतलेखनाचे वेगळेपण नेमके येथे आहे, कारण त्याच्या एकाच फायलीत स्वरलिपीही असते आणि ती वाजवणारे आवाजही असतात. दांडिया बाजारातल्या आम्हा काही मित्रांना मराठी एकांकिकांच्या पार्श्वसंगीतासाठी हेच आवाज हवे होते, आणि त्या निमित्ताने त्यांचा इतिहास नीट पाहावा लागला.

कॉमोडोर कंपनीच्या १९८५ मधल्या अमिगा संगणकात पॉला नावाची चिप होती व ती आठ बिटांचे ध्वनिनमुने, म्हणजे मुद्रित आवाजांचे छोटे तुकडे, चार वाहिन्यांवर एकाच वेळी वाजवत असे. तिच्यासाठी कार्स्टन ओबार्स्की यांनी १९८७ मध्ये अल्टिमेट साउंडट्रॅकर लिहिला. त्यातली १५ नमुन्यांची सोय पुढे ३१ पर्यंत वाढली. त्याच्या फायलींना मॉड म्हणतात. मॉड फायलीत प्रत्येक नमुन्याची नोंद ३० बाइटांची असते. त्यांपैकी २२ बाइट नावासाठी राखलेले असतात, आणि उरलेल्या आठांत लांबी, सुराची बारीक जुळणी, आवाजाची पातळी व पुनरावृत्तीच्या जागा येतात. अनेक संगीतकारांनी नावाच्या जागी मित्रांसाठी निरोप लिहिल्यामुळे कोणता नमुना कशाचा, हे ऐकूनच ठरवावे लागते.

नमुना सुटा काढणे त्यामानाने सोपे आहे. अडचण अशी की तेवढ्याने वाद्य हाती येत नाही. मॉडमध्ये आवाजाचे चढणे-विरणे, कंप आणि मींड यांच्या आज्ञा नमुन्यात नसून ६४ ओळींच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे स्वरलिपीच्या तक्त्यात, असतात, त्यामुळे मूळ रचनेत हळुवार विरणारा सूर बाहेर काढल्यावर सपाट वाजत राहतो. नमुना मुळात कोणत्या पट्टीत मुद्रित झाला याचीही नोंद नसते, आणि काही नमुन्यांत तर तीन-चार सूर एकत्रच मुद्रित असतात. आम्ही प्रत्येक नमुना पेटीवर सूर धरून तपासला. वेळ फार गेला, पण याहून भरवशाचा मार्ग मला दिसत नाही.

१९९४ च्या फास्टट्रॅकर २ या ट्रॅकरने ही उणीव बरीच भरून काढली. त्याच्या एक्सएम फायलीत एका वाद्याला १६ पर्यंत नमुने आणि आवाजाच्या चढउताराचे १२ पर्यंत बिंदू देता येतात. ई-म्यू आणि क्रिएटिव्ह या कंपन्यांच्या साउंडफाँटची, म्हणजे वाद्यसंच फायलीत साठवण्याच्या पद्धतीची, दुसरी आवृत्ती १९९६ ची. तिच्यात मूळ पट्टी नोंदवता येते, मात्र चढउतार सहाच टप्प्यांत बसवावा लागतो आणि एक्सएममधली वळणे तेथे हरवतात. सूर लांबवण्यासाठी पुन्हापुन्हा वाजणारा पुनरावृत्तीचा भाग किमान ३२ ध्वनिबिंदूंचा (मुद्रित आवाजाच्या एकेका मापाचा) असावा, असेही तिचे मानक सांगते. अमिगावरचे काही नमुने याहून आखूड असल्याने तो भाग स्वतःलाच पुन्हापुन्हा जोडून लांब करावा लागतो. आठ बिटांचा नमुना सोळा बिटांत नेल्याने त्याची मूळची खरखर जात नाही, आणि ती घालवू नये असे माझे मत आहे.

जुन्या नमुन्यांतले कित्येक इतरांच्या सिंथेसायझरवरून किंवा ध्वनिमुद्रिकांवरून घेतलेले आहेत. म्हणून आमच्या संचात प्रत्येक आवाजापुढे मूळ फायलीचे नाव आणि त्यातला नमुना क्रमांक लिहिलेला आहे.