गोव्यातील मानवी तस्करी आणि तिचा प्रतिबंध

फसवून, धाक दाखवून किंवा कर्जात अडकवून गोव्यात आणलेल्या माणसांकडून देहविक्रय अथवा सक्तीची मजुरी करून घेण्याचा गुन्हा, आणि तो रोखण्यासाठी शासन, न्यायालये व स्वयंसेवी संस्था करीत असलेले प्रयत्न. तस्करी म्हटली की सीमेवरची चोरटी वाट डोळ्यांपुढे येते. कायद्याला ती लागत नाही. शोषणाच्या हेतूने, धाक, बळ, फसवणूक किंवा आमिष यांचा वापर करून एखाद्याला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणे एवढ्याने गुन्हा पुरा होतो. संविधानाच्या अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी या दोन्हींना मनाई केली आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये २०१३ साली या गुन्ह्याची सविस्तर व्याख्या आली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ ने घेतली. फसवून घेतलेली संमती दोन्हीकडे निरर्थक मानली आहे.

आर्थिक पार्श्वभूमी : गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १४.५९ लाख. दरडोई उत्पन्नात हे राज्य देशात वरच्या क्रमांकांवर आहे, आणि तस्करीची गाठ नेमकी इथे आहे. स्थानिक तरुण आखाती देशांत, जहाजांवर किंवा युरोपात जातात. बांधकाम, मासेमारी, हॉटेले आणि घरकाम ही कामे कर्नाटक, झारखंड, ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या मजुरांच्या बळावर चालतात. लोहखनिजाचे उत्खनन २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्यावर पर्यटनावरचा भार आणखी वाढला. वर्षाला एक कोटीच्या आसपास पर्यटक येतात, म्हणजे लोकसंख्येच्या कितीतरी पट. मौजमजेचे ठिकाण म्हणून राज्याची जाहिरात झाली. त्या जाहिरातीत बसणारी मागणी पुरवायला दलाल सरसावले, आणि माल म्हणून त्यांनी गरीब घरांतल्या मुली आणल्या.

इतिहास : माणसांची खरेदी-विक्री गोव्याला नवी नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर घोडे आणि कापडाबरोबर गुलामांचाही लिलाव होई. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेल्या स्त्री-पुरुषांची वर्णने डच प्रवासी लिन्स्खोटेन आणि फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल यांनी लिहून ठेवली आहेत. पोर्तुगीज साम्राज्यातील गुलामगिरी १८६९ च्या फर्मानाने कायद्यातून गेली.

देवळांशी बांधलेल्या कलावंत, भाविणी आणि देवळी समूहांतील स्त्रियांचे शोषण ही वेगळी परंपरा. ती मोडली ती प्रामुख्याने त्याच समाजातल्या लोकांनी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजाराम पैंगिणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी मुलींचे देवाशी लग्न लावण्याचा विधी बंद पाडण्यासाठी गावोगाव लोकांचा रोष पत्करला. शिक्षण आणि विवाह यांवर त्यांनी भर दिला. गोमंतक मराठा समाज ही संघटना या चळवळीतून उभी राहिली, आणि दोन पिढ्यांत या समाजाने संगीत, वैद्यक, शिक्षण व राजकारणात मानाचे स्थान मिळवले. मुक्तीचे इतके पूर्ण उदाहरण गोव्याच्या इतिहासात दुसरे नाही. आजच्या पुनर्वसनाच्या चर्चेत त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

बायणा : मुरगाव बंदरालगत वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर खलाशी, ट्रकचालक आणि बंदर-कामगार यांच्या गर्दीवर वाढलेली वस्ती काही दशके राज्यातील देहविक्रयाचे प्रमुख केंद्र होती. तिथल्या अनेक स्त्रिया उत्तर कर्नाटक आणि आंध्र प्रदेशातून आलेल्या होत्या, आणि त्यांतल्या काही देवदासी प्रथेतून. खोली घरवालीची, म्हणजे कोठा चालवणाऱ्या बाईची, कर्ज घरवालीचे, हिशेबही तिच्याच तोंडी. कमाईतून भाडे, जेवण, औषध आणि मूळ ‘उचल’ कापली जाई, त्यामुळे कर्ज फिटल्याचा दिवस उजाडत नसे. पर्यटक आल्यावर वस्तीतल्या मुलांवरही संकट आले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या २००३ मधील आदेशानंतर १४ जून २००४ रोजी, ऐन पावसाळ्यात, बायण्यातील झोपड्या जमीनदोस्त करण्यात आल्या. न्यायालयाने पुनर्वसनाचाही विचार केला होता. बुलडोझर मात्र आधी पोहोचला. अनेक स्त्रिया मुलांसह उघड्यावर आल्या. व्यवसाय थांबला नाही, पांगला. वास्को-मडगावच्या लॉजांत, महामार्गालगत, पुढे कळंगुट-कांदोळीच्या भाड्याच्या फ्लॅटांत तो शिरला. एका ठिकाणी असताना आरोग्यसेविका आणि कार्यकर्ते स्त्रियांपर्यंत पोहोचू शकत होते, तो दुवा तुटला. वस्ती पाडणे म्हणजे तस्करी मोडणे नव्हे, हे बायण्याने फार महागात शिकवले.

बालकांचे संरक्षण : मडगावात अनाथ मुलांसाठी ‘गुरुकुल’ नावाचे घर चालवणाऱ्या फ्रेडी पीट्स याला १९९१ मध्ये अटक झाली. आश्रयाला आलेल्या मुलांचे लैंगिक शोषण तो करीत होता, परदेशी पुरुषांनाही ती मुले पुरवत होता. समाजकार्यकर्त्या शीला बारसे यांनी या खटल्याचा नेटाने पाठपुरावा केला. १९९६ मध्ये पीट्सला जन्मठेप झाली, आणि तुरुंगात असतानाच २००५ मध्ये तो मरण पावला. त्याच्या परदेशी साथीदारांना भारतात आणणे अवघड ठरले. एका आरोपीचे प्रत्यार्पण ब्रिटनमधील न्यायालयाने २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या कारणावरून नाकारले.

या प्रकरणाने हादरलेल्या राज्याने ‘गोवा बाल कायदा, २००३’ केला. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा केंद्राचा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये येण्याच्या कितीतरी आधी गोव्याने मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि बालतस्करी यांची स्वतंत्र व्याख्या केली आणि बाल न्यायालय स्थापले. कुटुंबीय अथवा नातेवाईक सोबत नसलेल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश मिळू नये, याची जबाबदारी या कायद्याने मालक व व्यवस्थापकावर टाकली. मुलांची अश्लील छायाचित्रे धुवायला आली तर स्टुडिओने पोलिसांना कळवावे, असेही बंधन घातले. फिल्म धुणे आता इतिहासजमा झाले. हॉटेलविषयीची तरतूद मात्र आजही कामाची आहे, स्वागतकक्षातल्या माणसाने ती पाळली तर.

सध्याचे स्वरूप : कोठा आता मोबाईलमध्ये आहे. इव्हेंटमध्ये काम, नाचाचा कार्यक्रम, ब्युटी पार्लर किंवा स्पा असे सांगून मुलींना आणले जाते. राहण्याची खोली, विमानाचे तिकीट, कपडे हा सगळा खर्च आल्या दिवशीच त्यांच्या नावावर चढतो. गिऱ्हाईक संकेतस्थळावरून किंवा व्हॉट्सॲपवर ठरते, आणि पैसे थेट दलालाच्या खात्यात जातात. काही दिवसांनी मुलीला मुंबई, पुणे वा बंगळूरला हलवतात. त्यामुळे ती कोणाशी बोलायला धजेपर्यंत शहर बदललेले असते. सुटका झालेल्यांत महाराष्ट्र, पश्चिम बंगाल, दिल्लीकडच्या मुलींप्रमाणेच नेपाळ, बांगलादेश, उझबेकिस्तान, केनिया येथील स्त्रियाही आढळल्या आहेत. परदेशी स्त्रीचा पासपोर्ट दलालाने काढून घेतला, की पोलिसांची भीती दलालापेक्षा तिलाच जास्त वाटते.

छाप्यापासून निकालापर्यंत : अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, १९५६ नुसार पोलीस बनावट गिऱ्हाईक पाठवतात. त्याच्याजवळच्या नोटांचे क्रमांक आधीच पंचनाम्यात टिपलेले असतात, आणि पुढे दलालाच्या खिशात त्याच नोटा सापडणे हा पुरावा ठरतो. पैसे ऑनलाइन गेले, तर बँकेची नोंद मिळवावी लागते. छाप्यात किमान दोन महिला पोलीस आणि पंचांत एक स्त्री असणे आवश्यक आहे. सुटका झालेल्या स्त्रीला दंडाधिकाऱ्यांपुढे आणतात. वय, घरची स्थिती आणि तिला कोणी विकले याची चौकशी होईपर्यंत ती शासकीय संरक्षणगृहात राहते. अल्पवयीन मुलीला पालक असल्याचे सांगणाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याची खात्री केलीच पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने ‘प्रेरणा’ या स्वयंसेवी संस्थेच्या खटल्यात २००२ मध्ये बजावले. कारण आई-बाप म्हणून दारात उभी राहणारी माणसे पुष्कळदा दलालाचीच असतात.

खरी कसोटी त्यानंतरची. खटला उभा राहतो तोवर मुलगी गावी परतलेली असते, कधी लग्न झालेले असते, कधी पत्ताच बदललेला असतो. समन्स घेऊन पोलीस दारात गेला, की लपवलेली गोष्ट शेजाऱ्यांना कळते. साक्ष मिळाली नाही म्हणजे दलाल सुटतो. म्हणून सुटकेनंतर लगेच दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब नोंदवणे आणि पुढे दूरदृश्य माध्यमातून साक्ष घेणे यांवर भर देणे हाच रास्त मार्ग आहे. तस्करीची बळी असल्याचे ठाऊक असून तिच्याकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकालाही २०१३ पासून शिक्षेची तरतूद आहे. ती वापरली जाते फार कमी.

पुनर्वसन : ‘अन्याय रहित जिंदगी’ अर्थात अर्ज ही अरुण पांडे यांची संस्था १९९७ पासून गोव्यात या क्षेत्रात काम करते. छाप्याच्या वेळी मुलींना धीर देणे, समुपदेशन, न्यायालयात सोबत ही तिची कामे. संस्थेने वास्को परिसरात ‘स्विफ्ट वॉश’ नावाची यांत्रिक धुलाई सुरू केली. हॉटेले आणि इस्पितळांच्या चादरी-टॉवेल तिथे धुतले जातात, आणि सुटका झालेल्या स्त्रिया तिथे महिन्याचा पगार घेतात. शिवणकाम, लोणची-पापड असे ठरीव प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्रावर बोळवण करण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. महिन्याकाठी हातात पैसा आला, की दलालाचा फोन उचलण्याची गरज उरत नाही.

मजुरीसाठी तस्करी : चर्चा देहविक्रयावर थांबते, हा या विषयातला मोठा दोष. मालिम, खारीवाडा, कुटबण या मासेमारी जेटींवरच्या ट्रॉलरांवर परराज्यांतले खलाशी राबतात, आणि अनेकांचा मुक्काम होडीवरच असतो. २०२४ मध्ये कुटबण जेटीवर कॉलऱ्याची साथ येऊन कामगार दगावले, तेव्हा पिण्याचे पाणी आणि शौचालये यांची दैना सगळ्यांना दिसली. प्रत्येक खलाशी तस्करीचा बळी नसतो. पण उचल देऊन आणलेल्या माणसाला ती फिटेपर्यंत काम सोडता येत नसेल, तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायदा, १९७६ लागू होतो. त्याची सुटका करून मुक्ती प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हा प्रशासनाकडे आहे. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि नव्या टोळ्या होड्यांवर चढतात. कोणाला किती उचल दिली आणि ओळखपत्रे कोणाच्या ताब्यात आहेत, हे त्याच आठवड्यात जेटीवर जाऊन खलाशांना त्यांच्या भाषेत विचारता येते. होड्या खोल समुद्रात गेल्यावर विचारायला कोणी उरत नाही.