डिस्ट्रिब्यूट आणि डिप्लॉय: पॅकेज नेमकं कुठे अडलंय?

सोमवारी सकाळी साडेनऊला कोल्हापूरच्या शाखेतून फोन आला. "मॅडम, कॅडचं नवीन व्हर्जन शुक्रवारपासून शून्य टक्क्यावरच आहे. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये नुसतं डाउनलोडिंग दिसतंय." मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर पाठवण्याच्या यंत्रणेचा कन्सोल उघडला. त्या पॅकेजच्या कंटेंट स्टेटसचं वर्तुळ पूर्ण हिरवं होतं, कोल्हापूरच्या सर्व्हरसकट. माझ्या स्क्रीनवर सगळं पोहोचलेलं आणि त्यांच्या टेबलावर काहीच नाही. दोघांचंही खरं होतं, कारण आम्ही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो.

ही यंत्रणा म्हणजे मायक्रोसॉफ्टचा कॉन्फिगरेशन मॅनेजर, आपण अजूनही ज्याला एससीसीएम म्हणतो तो. त्यात डिस्ट्रिब्यूट आणि डिप्लॉय ही दोन वेगळी कामं आहेत. बोलताना आपण दोन्हींना "पुश केलं" म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

डिस्ट्रिब्यूट म्हणजे माल गोदामात नेऊन ठेवणं. साइट सर्व्हर सोर्स फोल्डरमधल्या फाइल्स उचलतो आणि डिस्ट्रिब्यूशन पॉइंटवर, म्हणजे डीपीवर पोहोचवतो. तिथे त्या कंटेंट लायब्ररीत जातात. एकच फाइल चार पॅकेजमध्ये असली तरी लायब्ररीत ती एकदाच साठवली जाते. हा सगळा व्यवहार सर्व्हर ते सर्व्हर चालतो. कुणाच्या लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो.

डिप्लॉय म्हणजे आदेश. कोणत्या कलेक्शनला (म्हणजे मशीन्सच्या गटाला), ऐच्छिक की सक्तीचं, कधीपासून उपलब्ध आणि डेडलाइन कधी, एवढंच त्यात असतं. हा आदेश पॉलिसी म्हणून जातो आणि त्याचा आकार नगण्य असतो. क्लायंट, म्हणजे प्रत्येक मशीनवर बसलेला एससीसीएमचा एजंट, डिफॉल्ट सेटिंगला दर ६० मिनिटांनी नवीन पॉलिसी विचारतो, त्यामुळे चालू असलेल्या बहुतेक मशीनना तासाभरात आदेश मिळालेला असतो. माल मात्र तेव्हा अजून वाटेत असू शकतो. हलकी गोष्ट पुढे पळते, जड गोष्ट मागे राहते. मोठ्या पॅकेजच्या बहुतेक तक्रारी या मधल्या अंतरातून येतात.

जुन्या काळी शब्द तरी वेगळे होते. हे उत्पादन १९९४ मध्ये सिस्टिम्स मॅनेजमेंट सर्व्हर या नावाने आलं. तेव्हापासून २००७ च्या आवृत्तीपर्यंत आज ज्याला डिप्लॉयमेंट म्हणतात त्याला ॲडव्हर्टाइजमेंट, म्हणजे सरळ जाहिरात म्हणत. जाहिरात आली म्हणून दुकानात माल आला असं कुणी धरून चालत नाही. २०१२ च्या आवृत्तीत तो शब्द गेला. शिवाय डिप्लॉयच्या विझार्डमध्येच मध्ये एक पान येतं, जिथे डीपी निवडता येतो. नेक्स्ट, नेक्स्ट करत दोन्ही कामं एकाच ओघात होतात, आणि नवीन मुलांना ती एकच वाटतात. मी शिकवताना ते पान मुद्दाम टाळायला लावते. आधी डिस्ट्रिब्यूट करा, कंटेंट स्टेटस बघा, आणि मगच डिप्लॉयला हात लावा.

पॅकेज छोटं असेल तर हा फरक कधी जाणवतच नाही. दीड-दोन एमबीचं झिपचं टूल डोळ्याची पापणी लवते तोवर डीपीवर जातं. कॅड, मॅटलॅब, व्हिज्युअल स्टुडिओ यांच्यासारखं काही आलं की हिशोब मांडावाच लागतो. आमचं पॅकेज १८ जीबीचं होतं. शाखेच्या लाइनवर त्यासाठी १० एमबीपीएस मोकळे धरले, तर एक प्रत पोहोचायला ४ तास लागतात. शाखेत डीपी असेल तर ही एक प्रत पुरते, पुढचं सगळं आतल्या लॅनवर होतं. डीपीवर माल पोहोचण्याआधी डेडलाइन वाजली आणि फॉलबॅकची, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या डीपीकडून माल घेण्याची, परवानगी असली, तर शाखेतली मशीन्स पुण्याच्या डीपीकडे धाव घेतात. ४० मशीन्स गुणिले ४ तास म्हणजे १६० तास, सहा दिवसांहून जास्त. तेवढा वेळ त्या शाखेचं ईआरपी आणि व्हिडिओ कॉल सगळं त्याच लाइनवर गुदमरणार. परवानगी नसली तर लाइन वाचते, पण मशीन शून्य टक्क्यावर बसून राहतं.

वेग आवरण्याचे नळही दोन आहेत, आणि इथे मी अनुभवी माणसांनाही चुकताना पाहिलंय. डीपीच्या प्रॉपर्टीजमध्ये शेड्यूल आणि रेट लिमिट आहेत. ते साइट सर्व्हरकडून त्या डीपीकडे जाणारा माल आवरतात. क्लायंट डीपीकडून जे ओढतो ते बिट्स या विंडोजच्या डाउनलोड सेवेमधून येतं आणि त्याची मर्यादा क्लायंट सेटिंग्जमध्ये वेगळी घालावी लागते. पहिला नळ बंद करून दुसऱ्यातून पाणी थांबत नाही.

लाइन अगदीच बारीक असेल तर प्रीस्टेज करा. पॅकेजची पीकेजीएक्स फाइल बनते. ती एक्स्टर्नल डिस्कवर घेऊन माणूस रात्रीच्या गाडीने पाठवायचा आणि शाखेच्या सर्व्हरवर एक्स्ट्रॅक्ट करायची. ऐकायला मागासलेलं वाटतं, पण १८ जीबी सकाळी शाखेत असतात आणि लाइनला धक्का लागत नाही. लक्षात घ्या, डिस्क पोहोचली तरी एकाही मशीनवर काही बसलेलं नसतं. फक्त डिस्ट्रिब्यूशन झालेलं असतं.

माल डीपीवर आल्यावरचं सगळं डिप्लॉयमेंटच्या बाजूचं, आणि मोठं पॅकेज तिथेही वेगळी परीक्षा घेतं. क्लायंटचा कॅशे, म्हणजे डाउनलोड साठवायची जागा, डिफॉल्टला ५१२० एमबीचा असतो. १८ जीबी त्यात मावणार नाहीत, आणि ०एक्स८७डी०१२०२ हा एरर येईल. कॅशे आधीच वाढवून ठेवा. दुसरी गोष्ट मेंटेनन्स विंडोची, म्हणजे इन्स्टॉलसाठी ठरवून दिलेल्या वेळेची. डाउनलोड विंडोबाहेर चालतं, पण इन्स्टॉल विंडोतच सुरू होतं, आणि तेही पॅकेजचा कमाल रन टाइम विंडोत बसत असेल तरच. हा रन टाइम डिफॉल्टला १२० मिनिटं असतो. तुमची विंडो दीड तासाची असेल तर इन्स्टॉल कधीच सुरू होणार नाही. शिवाय विंडोत जागा नाही एवढंच कारण असल्यामुळे हा अडथळा मोठ्या लाल अक्षरांत एरर म्हणून समोर येत नाही. उलट कॅडसारखं इन्स्टॉल जुन्या हार्ड डिस्कवर दोन तासांपेक्षा जास्त चाललं, तर आत इन्स्टॉल सुरू असतानाच रिपोर्टमध्ये ते फेल दिसू शकतं. ३०१० हा एक्झिट कोड दिसला तर घाबरू नका, रीस्टार्ट बाकी आहे एवढाच त्याचा अर्थ.

इंट्यूनमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून हेच काम करणाऱ्या सेवेत, डीपी नसतो. पॅकेज इंट्यूनविन करून मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर चढवायचं, असाइन करायचं, की मशीन्स इंटरनेटवरून ओढतात आणि डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू असेल तर शेजारच्या मशीनकडूनही घेतात. तिथे गोदामाची काळजी तुमची नसते, पण शाखेची लाइन तुमचीच असते.

मी तपासायला बसते तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारते: माल डीपीवर आहे का? उत्तर सर्व्हरवर मिळतं, कंटेंट स्टेटस आणि डिस्टएमजीआर लॉगमध्ये. हो असेल, तर सर्व्हर सोडून क्लायंटकडे जायचं. लोकेशनसर्व्हिसेस लॉग सांगतो की मशीनला डीपी सापडला का, कॅस लॉग डाउनलोडची हकिकत सांगतो आणि इन्स्टॉल सुरू झालं असेल तर ॲपएनफोर्स. हिरव्या वर्तुळाकडे बघत सर्व्हरचे लॉग तासन् तास चाळणारे मी पाहिलेत, आणि उत्तर त्यांच्या समोरच्या मशीनवर नव्हतंच.

कोल्हापूरचं एक मशीन मी रिमोटवर घेतलं. लोकेशनसर्व्हिसेस लॉगमध्ये डीपीची यादी रिकामी होती. आयपी बघितला तर तिसरा आकडा ओळखीचा नव्हता. विचारल्यावर कळलं की गेल्या महिन्यात डिझाइनची टीम वरच्या मजल्यावर गेली आणि नेटवर्कवाल्यांनी त्यांना नवीन सबनेट दिला. तो कुठल्याच बाउंड्रीत, म्हणजे कोणतं नेटवर्क कोणत्या शाखेचं हे सांगणाऱ्या नोंदीत, नव्हता, म्हणून मशीन्सना आपण कोल्हापूरचे आहोत हेच माहीत नव्हतं. डीपी त्याच इमारतीत, एक मजला खाली, १८ जीबी घेऊन तयार होता. सबनेटची बाउंड्री बनवून शाखेच्या ग्रुपमध्ये टाकली. पुढच्या चहाच्या आत फोन आला, "मॅडम, सहा टक्के झालं!"