चलन एक, तिजोऱ्या वेगळ्या

2011 सालचे युरोपचे आकडे बघितले की एक कोडं पडतं. जीडीपीच्या मानाने ब्रिटनवर स्पेनपेक्षा जास्त कर्ज होतं, तरी बाजारातून नवीन कर्ज उचलताना व्याज स्पेनलाच जास्त द्यावं लागत होतं, वर्षाअखेरीस तर 10 वर्षांच्या बाँडवर (म्हणजे सरकारच्या कर्जरोख्यांवर) दुपटीहून जास्त. पॉल द ग्राउव्ह या बेल्जियन अर्थतज्ज्ञांनी त्याच काळात याचं कारण समजावून सांगितलं आणि मला वाटतं युरोपातल्या देशांची एकमेकांना मदत करण्यावरून होणारी सगळी भांडणं समजून घ्यायची तर सुरुवात इथूनच करावी.

ब्रिटन कर्ज घेतो पौंडात, आणि पौंड छापणारी बँक ऑफ इंग्लंड त्यांचीच, त्यामुळे अगदीच वेळ आली तर पैसे परत मिळणार हे देणाऱ्याला माहीत असतं. स्पेन कर्ज घेतो युरोत, आणि युरोची मध्यवर्ती बँक बसते फ्रँकफर्टला, ती एकट्या स्पेनचं ऐकत नाही. मग कर्ज देणारा जरा घाबरला की व्याज वाढवून मागतो, व्याज वाढलं की तूट वाढते, तूट वाढली की तो अजून घाबरतो, म्हणजे चांगला चाललेला देशसुद्धा नुसत्या भीतीने दिवाळखोरीच्या दारात जाऊ शकतो. पूर्वी अशा वेळी चलनाची किंमत उतरायची, माल आणि पर्यटन स्वस्त व्हायचं, गाडी हळूहळू रुळावर यायची. युरो घेतल्यावर तो रस्ता बंद झाला, उरलं काय तर पगार कापणं आणि बेरोजगारी सोसणं.

आपल्याकडे एखादं राज्य अडचणीत आलं तर केंद्राची तिजोरी असते, वित्त आयोगाचा वाटा ठरलेला असतो. युरोपियन युनियनचं एरवीचं बजेट सगळ्या देशांच्या एकत्र उत्पन्नाच्या 1 टक्क्याच्या आसपास. त्यात करारातच लिहिलेलं (कलम 125) की एका देशाच्या कर्जाची जबाबदारी दुसरा देश घेणार नाही.

आणि मग ग्रीस. ऑक्टोबर 2009 मध्ये तिथं नवीन सरकार आलं आणि कळलं की तूट आधी सांगितली त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे, शेवटी हिशोब लागला तेव्हा जीडीपीच्या 15 टक्क्यांच्या वर निघाली, युनियनच्या नियमाने मर्यादा होती 3. मे 2010 मध्ये 110 अब्ज युरोचं पहिलं पॅकेज ठरलं, 80 युरोवाल्या देशांचे आणि 30 आयएमएफचे (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे). पण हे सगळं कर्ज होतं हे लक्षात घ्या. आधीच कर्जात बुडालेल्याला अजून कर्ज, सोबत पेन्शन कपात, पगार कपात, टॅक्सवाढ, आणि आलेल्या पैशाचा मोठा भाग जुनी कर्जं आणि त्यांचं व्याज फेडण्यातच गेला, ज्यात फ्रेंच आणि जर्मन बँकांचेही पैसे अडकलेले होते. ग्रीसची अर्थव्यवस्था जवळपास चतुर्थांशाने आकसली, 2013 मध्ये बेरोजगारी 27 टक्क्यांवर गेली. चूक ग्रीक सरकारांची होतीच, पण एवढी शिक्षा सामान्य माणसांना देऊन कर्ज फेडायची ताकदच कमी केली, हे मला आजही पटत नाही.

दुसऱ्या बाजूचंही ऐकायला हवं. स्लोव्हाकियातले पगार ग्रीसपेक्षा कमी, सुधारणांचे चटके त्यांनी आधीच सोसलेले, आणि त्यांना सांगितलं तुम्ही ग्रीसला पैसे द्या. ऑगस्ट 2010 मध्ये त्यांच्या संसदेनं नाही म्हटलं, आणि पुढच्या वर्षी सामायिक बचाव निधीच्या मतदानावरून पंतप्रधान इव्हेता रादिचोव्हा यांचं सरकारच पडलं. गरिबाने जरा बऱ्या स्थितीतल्याला का द्यावं, हा प्रश्न रास्तच होता.

भीतीचं ते चक्र थांबलं 2012 मध्ये. 26 जुलैला युरोपियन सेंट्रल बँकेचे प्रमुख मारिओ द्रागी म्हणाले की युरो वाचवायला जे लागेल ते करू, सप्टेंबरमध्ये अडचणीतल्या देशांचे बाँड विकत घ्यायची योजना जाहीर झाली, आणि तिच्याखाली एकही बाँड कधी विकत घ्यावा लागला नाही! पाठीशी कोणीतरी आहे एवढं कळल्यावरच स्पेन-इटलीचे व्याजदर उतरत गेले. द ग्राउव्ह म्हणत होते ते खरं असल्याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

2020 मध्ये कोव्हिड आला तेव्हा दोष कोणालाच देता येत नव्हता. 17 ते 21 जुलै ब्रसेल्समध्ये नेते भांडले, नेदरलँड्स, ऑस्ट्रिया, स्वीडन, डेन्मार्क हे चौघं म्हणत होते द्यायचं तर कर्जच द्या, शेवटी 750 अब्ज युरोवर जमलं, त्यातले 390 अब्ज परत न मागायचे. पैसे उभे केले युनियनने स्वतःच्या नावावर कर्ज काढून, सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यात मोठा वाटा गेला इटलीला.

पण हे एकदाच म्हणून ठरलेलं आहे. देशांना पैसे मिळायची मुदत 2026 ला संपते, मुद्दल फेडायला 2028 पासून सुरुवात आणि शेवट 2058 मध्ये, ते कुठल्या टॅक्समधून फेडायचं यावर ओढाताण आहेच. माझ्या मते अशी सामायिक तिजोरी कायमची हवी, कारण पुढचं संकट आल्यावर परत चार-पाच दिवस भांडत बसेपर्यंत बाजार थांबत नाही, आणि तोवर वाढलेलं व्याज तिथल्या लोकांच्याच पगारातून आणि पेन्शनमधून जातं.