सॉन्डर्स, जॉर्ज

(२ डिसेंबर १९५८ – ). अमेरिकन कथाकार, कादंबरीकार आणि लेखनकलेचे प्राध्यापक. जन्म टेक्ससमधील ॲमरिलोचा. बालपण शिकागोलगतच्या ओक फॉरेस्टमध्ये गेले. साहित्यात ते आडवाटेने आले. कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून भूभौतिक अभियांत्रिकीची पदवी (१९८१) घेऊन ते सुमात्रात तेलशोधाच्या कामावर गेले. तिथे दूषित नदीत पोहल्याने आजारी पडून परतले आणि मग कत्तलखान्यापासून छपरे शाकारण्यापर्यंत हाताला लागेल ते काम केले. न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज विद्यापीठात कथाकार टोबायस वुल्फ यांच्या हाताखाली शिकून त्यांनी १९८८ मध्ये लेखनकलेची एम.ए. पदवी मिळवली. तिथेच भेटलेल्या लेखिका पॉला रेडिक यांच्याशी तीन आठवड्यांत लग्न ठरले.

पुढची काही वर्षे रॉचेस्टरमधील एका अभियांत्रिकी कंपनीत तांत्रिक अहवाल लिहिण्यात गेली. या काळात मेक्सिकोतील एका लग्नावर त्यांनी सातशे पानांची कादंबरी लिहिली. ती वाचायला घेतलेल्या पत्नीने सुरुवातीच्या पानांतच डोके हातांत धरलेले त्यांनी पाहिले. काही दिवसांनी ऑफिसच्या एका कंटाळवाण्या फोन-बैठकीत त्यांनी सहज गमतीच्या यमक-कविता खरडल्या. त्या वाचून पत्नीला हसू फुटलेले ऐकले, आणि दिशा सापडली. थोर लेखकांसारखे गंभीर होण्याचा आव सोडून, आपल्याला मुळात अवगत असलेला विनोद त्यांनी कथेत आणला. कामावर चोरलेल्या वेळात लिहिलेल्या या कथांचा पहिला संग्रह सिव्हिलवॉरलँड इन बॅड डिक्लाइन १९९६ मध्ये आला. नंतर सर्जनशील व्यक्तींना दिली जाणारी मॅकआर्थर फेलोशिप (२००६) आणि टेन्थ ऑफ डिसेंबर या संग्रहासाठी फोलिओ पुरस्कार (२०१४) मिळाले.

पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. लिंकन इन द बार्दो (२०१७) या कादंबरीचे बीज फार जुने. अब्राहम लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली फेब्रुवारी १८६२ मध्ये वारला. जॉर्जटाउनच्या ओक हिल दफनभूमीत शोकाकुल अध्यक्ष त्याच्या शवपेटीपाशी पुन्हा पुन्हा जात, ही हकिकत सॉन्डर्स यांनी ऐकली होती. बार्दो म्हणजे तिबेटी बौद्ध विचारातील मृत्यू आणि पुनर्जन्म यांमधली अवस्था. सॉन्डर्स स्वतः तिबेटी बौद्ध धर्मातील न्यिंग्मा परंपरेचे साधक आहेत. आपण मेलो हे मान्य न करणारे आत्मे इथे एकमेकांचे बोलणे तोडत गोष्ट सांगतात, आणि मधूनमधून इतिहासग्रंथांतील खरे-खोटे उतारे येतात. रचना सुरुवातीला चकवते. पण बापाच्या दुःखाला एकच निवेदक पुरला नसता, हे वाचताना पटत जाते. या कादंबरीला बुकर पुरस्कार मिळाला.

१९९७ पासून ते सिराक्यूजमध्येच शिकवतात. तिथे कथालेखनाच्या वर्गात सहा-सातशे अर्जांतून दरवर्षी सहाच विद्यार्थी घेतले जातात. त्यांच्या शिकवण्याचे मर्म पुनर्लेखनात आहे. कपाळावर मोजमापाच्या यंत्रासारखा एक काटा बसवला आहे असे ते कल्पितात. वाक्य वाचताना तो चांगल्याकडे झुकतो की वाईटाकडे, ते पाहायचे, शब्द बदलायचा, पुन्हा वाचायचे. हे शेकडो वेळा. यात अभियंत्याची शिस्त उघड दिसते.

रशियन कथांच्या त्यांच्या तासातून अ स्विम इन अ पाँड इन द रेन (२०२१) हे पुस्तक झाले. त्यात चेखॉव्ह, तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय, गोगोल यांच्या सात कथा आहेत. घोडागाडीतून गावी परतणाऱ्या शाळामास्तरणीची चेखॉव्हची कथा ते एकेक पान करूनच वाचायला देतात. पान संपले की थांबायचे आणि स्वतःला विचारायचे: आता काय कळले, कशाचे कुतूहल वाटते, आणि पुढे काय होईल असे वाटते?