जुन्या मिनीत नवं इंजिन: गाडी धुराच्या तपासणीत का अडते?

१९५९ साली आलेल्या मूळ मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीत ८४८ सीसीचं ए-सीरीज इंजिन आडवं बसवलेलं होतं आणि गिअरबॉक्स त्याच्याच खाली, तेल साठणाऱ्या सम्पमध्ये. दोघांना तेल एकच. म्हणून होंडाचं १.६ लिटरचं इंजिन घालायचं तर ते स्वतःच्या गिअरबॉक्ससकट येतं आणि पुढची सबफ्रेम (इंजिन धरणारा सांगाडा) वेगळी करावी लागते. चांगला फॅब्रिकेटर एवढं निभावून नेतो. गाडी अडते ती धुराच्या तपासणीत, कारण बहुतेकदा इंजिन आणलं जातं आणि त्याची प्रदूषण-नियंत्रणाची यंत्रणा डोनर गाडीत, म्हणजे ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्यातच, राहते.

कॅलिफोर्नियाचा नियम या बाबतीत स्पष्ट आहे: इंजिन गाडीच्या मॉडेल-वर्षाचं किंवा त्याहून नवं हवं, आणि कारखान्यातून त्याच्यासोबत आलेली प्रदूषण-नियंत्रणाची सगळी साधनं जागेवर हवीत. म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक), एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, टाकीतली वाफ धरणारा कोळशाचा कॅनिस्टर आणि ती वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्हसुद्धा. नियम वेगळा असला तरी रसायनशास्त्र तेच राहतं. थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तिन्ही एकदम साफ करतो, पण हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असेल तरच. कार्ब्युरेटरला एवढी नेमकी पकड ठेवता येत नाही. ईसीयू ती ठेवतो, सेन्सरच्या ०.१ ते ०.९ व्होल्टच्या सिग्नलवर सतत मिश्रण मागेपुढे करून.

हा सिग्नल फसवणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे सेन्सरच्या आधीची एक्झॉस्ट गळती. एक्झॉस्टमधला दाब सतत वरखाली होतो. तो बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला की बारीक फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती, अधिक १५ टक्क्यांवर गेला आणि तरीही धुराला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजेक्टर बदलण्याआधी इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा जोड तपासा. इंजिन थंड असतानाच सुरू करा, टेलपाइपवर क्षणभर जाड फडकं दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतात. आडवं इंजिन माउंटवर पुढेमागे हलतं, म्हणून सरळ पाइप फ्लँजपाशी तडकतो. जाळीदार फ्लेक्स पाइप हवाच, पण सेन्सरच्या आधी नको, नंतर हवा. सेन्सर ज्यात बसतो तो एम१८ × १.५ आट्यांचा बंग (धातूची बैठक) पाइपच्या वरच्या अर्ध्या भागात वेल्ड करा. खाली लावलात तर साचलेलं पाणी आतलं तापलेलं सिरॅमिक फोडतं.

कन्व्हर्टर साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला काम सुरू करतो. मिनीच्या इंजिनखान्यात जागा नाही म्हणून तो सीटखाली ढकलला, तर वायू तिथे पोचेपर्यंत निवतो. शक्य तितका मॅनिफोल्डजवळ ठेवा, मधल्या पाइपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळा. आणि इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नका. पाणी ८५-९० अंशांवर पोचलंच नाही, तर ईसीयू थंड इंजिनासाठीचं रिच (जास्त पेट्रोलचं) मिश्रणच देत राहतो. इलाज रेडिएटर मोठा करणं हा आहे.

इंजेक्शनला सुमारे ३ बार दाब लागतो, म्हणून कार्ब्युरेटरच्या काळातला पंप आणि नळी दोन्ही जातात. जुन्या टाकीत आडपडदे नसतात. वळणावर पंपाने हवा खेचली की मिसफायर होतो (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट पेटत नाही), न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळते. पंपाला सतत पेट्रोल मिळावं म्हणून एक-दोन लिटरचा स्वर्ल पॉट (छोटी मधली टाकी) लावा.

चाकांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. १४५/८० आर१० टायरचा व्यास ४८६ मिलिमीटर, डोनर गाडीच्या १८५/६० आर१४ चा ५७८. गिअरबॉक्सवरचा स्पीड सेन्सर त्यामुळे १९ टक्के जास्त वेग सांगतो: खऱ्या ८० ला ९५. ईसीयू हा सिग्नल आयडलसाठीही (उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्यासाठी) वापरतो, म्हणून तारेत सिग्नल दुरुस्त करणारं उपकरण घाला. सिग्नल तोडून टाकू नका.

डोनर गाडी चालू असेल तर इंजिन उतरवण्याआधीच गॅस अ‍ॅनालायझर लावून आकडे टिपून ठेवा. पुढे तुलनेला त्याहून चांगलं काही मिळत नाही. ब्रिटनच्या तपासणीत कन्व्हर्टरवाल्या गाडीला २५०० ते ३००० आरपीएमवर कार्बन मोनॉक्साइड सहसा ०.२ टक्क्यांच्या आत आणि लॅम्डा (प्रत्यक्ष हवा-पेट्रोल प्रमाण भागिले १४.७) ०.९७ ते १.०३ लागतो. कार्बन मोनॉक्साइड जास्त, लॅम्डा १ च्या खाली: मिश्रण रिच. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त: मिसफायर. कार्बन मोनॉक्साइड कमी, पण लॅम्डा १.०३ च्या वर: पाइप कुठेतरी गळतोय.

ओबीडी, म्हणजे गाडीतच दोष शोधणारी यंत्रणा, असलेल्या इंजिनाची बॅटरी तपासणीच्या आदल्या रात्री काढू नका. त्याने फॉल्ट कोडसोबत रेडिनेस मॉनिटरही (ईसीयूने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्याच्या नोंदी) पुसले जातात, आणि गार इंजिनापासून सुरुवात करून शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर पुरेशी चालवल्याशिवाय ते पुन्हा पूर्ण होत नाहीत.