आगाऊ निर्देश (मानसिक आरोग्य)

आगाऊ निर्देश : मानसिक आजारावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत साहाय्य करण्यासाठी नेमलेली व्यक्ती) कोण असावा, हे सज्ञान व्यक्तीने निर्णयक्षमता शाबूत असताना लिहून ठेवण्याची मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील तरतूद. पूर्वी आजार झालेला असण्याची अट नाही. निर्णयक्षमता गेल्यावरच निर्देश लागू होतो व ती परतताच थांबतो.

कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक ती मानसोपचारतज्ज्ञ टॉमस साझ यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘मानसोपचारविषयक मृत्युपत्रा’पर्यंत नेतात, तर काही रुग्णहक्क चळवळीपर्यंत. भारतापुरते पाहता अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार (भारताची मान्यता २००७) हाच निकटचा आधार मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मानसिक आजारांविषयीच्या १९१२ आणि १९८७ च्या आधीच्या कायद्यांत या तरतुदीला जागा नव्हती. ती देणाऱ्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाला राष्ट्रपतींची संमती ७ एप्रिल २०१७ रोजी मिळाली. अंमलाची तारीख मात्र ग्रंथांत एकसारखी नाही. ७ जुलै २०१८ ही तारीख बऱ्याच लेखांत आढळते. अधिसूचनेशी जुळणारी २९ मे २०१८ ही अधिक ग्राह्य धरावी.

कलम ४ नुसार निर्णय इतरांना अयोग्य वाटला, एवढ्यावरून निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. निर्देश तातडीच्या उपचारांना लागू नसतो. डॉक्टर, नातेवाईक वा काळजीवाहक यांना तो मान्य नसल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करावा लागतो. परस्पर डावलता येत नाही. निर्देशाची प्रत मिळालेलीच नसेल, तर तो न पाळल्याबद्दल डॉक्टरांवर दायित्व येत नाही. त्यामुळे प्रत कोणाजवळ आहे, हा प्रश्न दिसतो तेवढा किरकोळ नाही.

नाशिक : राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत; नाशिकला नाही. म्हणून येथे हा विषय मुख्यतः जिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालये व खासगी दवाखान्यांशी निगडित आहे. मनोरुग्णांना दाखल करून घेणारी सर्वसाधारण व आयुर्वेदिक रुग्णालयेही अधिनियमाच्या व्याख्येत येतात. ओपीडीत रुग्णाऐवजी सोबत आलेल्या नातेवाइकांशीच बोलणे होण्याची रीत सर्वपरिचित आहे. लेखी निर्देशाची खरी गाठ तिच्याशी पडते. सुरगाणा, पेठ या आदिवासी तालुक्यांत भगताकडील उपचारही चालतात; निर्देश तेथे कितपत पोहोचतो, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरेल.