सौंदर्यप्रसाधनं आणि प्राण्यांवरच्या चाचण्या: बंदीचे कायदे कसे आले

सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करायला आज चाळीसहून अधिक देशांत बंदी आहे. या चाचण्या मुळात सुरू का झाल्या हे पाहिलं, की त्या थांबवायला इतकी वर्षं का लागली तेही कळतं.

१९३३ च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या काळ्या करायचा रंग विकला जात होता. त्यातल्या पॅराफेनिलीनडायअमाइन या रसायनानं कित्येक बायकांचे डोळे सुजले, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीवही गेला. सौंदर्यप्रसाधनं तेव्हा कुठल्याच केंद्रीय कायद्यात बसत नव्हती, त्यामुळे सरकारचे हात बांधलेले होते. १९३८ च्या कायद्यानं ही पळवाट बंद केली. प्राण्यांवर चाचणी करा, असं त्या कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. वापरणाऱ्याला अपाय होईल असा माल विकू नका, एवढंच त्याचं म्हणणं. पण अपाय होणार की नाही हे ठरवायचं कसं?

याचं उत्तर १९४४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. पांढऱ्या सशाची खालची पापणी ओढून तिथे ०.१ मिलिलिटर पदार्थ सोडायचा, दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवायचा. मग बुबुळ किती गढुळलं, लाली किती, सूज किती, पाणी किती येतं, हे रोज पाहून गुण द्यायचे. एकूण गुण ११०, त्यातले ८० एकट्या बुबुळाचे. ससा पापणी फार क्वचित मिटतो, त्यामुळे डोळ्यात गेलेला पदार्थ तिथेच राहतो. सोयीचा प्राणी म्हणून तो निवडला गेला, आणि ही गुणपत्रिका पुढे जगभर वापरली गेली. माणसाचा डोळा वाचवायला सशाचा डोळा घालवायचा, हा व्यवहार कितीतरी वर्षं कुणाला खटकलाही नाही.

तो चव्हाट्यावर आणला प्राण्यांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकी कार्यकर्ते हेन्री स्पायरा यांनी. १९८० मध्ये त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात देऊन, सौंदर्यासाठी तुम्ही किती सशांना आंधळं करता, असा थेट सवाल रेव्हलॉन कंपनीला केला. स्पायरांची मागणी नेमकी होती: पर्याय शोधायला पैसे द्या. रेव्हलॉननं रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर दिले. १९८१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पर्यायी चाचण्यांचं केंद्र उभं राहिलं.

कायदा करायला मात्र युरोप पुढे आला. १९९८ पासून बंदी, असं तिथे १९९३ मध्येच ठरलं होतं. पर्याय तयार नाहीत म्हणून ती पुढे ढकलली गेली. २००३ मध्ये टप्पे आखले गेले. २००४ पासून तयार मालाची चाचणी बंद, २००९ पासून घटकांचीही बंद, आणि २०१३ पासून अशी चाचणी झालेल्या मालाच्या विक्रीवरच पूर्ण बंदी. दीर्घकालीन विषारीपणा आणि प्रजननावरचे परिणाम तपासायला २०१३ मध्येही पुरेसा पर्याय नव्हता. तरीही या वेळी तारीख हलली नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत धीराचा निर्णय हाच.

सोप्या चाचण्यांचे पर्याय तोवर आले होते. माणसाच्या त्वचेच्या पेशी छोट्याशा कपात जाळीवर वाढवतात. वरची बाजू हवेला उघडी राहिली की थरावर थर चढून खऱ्या त्वचेसारखा पापुद्रा तयार होतो. त्यावर रसायन ठेवून धुऊन टाकतात आणि दोनेक दिवसांनी एक पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळा फिका पडला, म्हणजे पेशी मेल्या. ही पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेनं २०१० मध्ये मान्य केली.

भारतानं २०१४ मध्ये आधी चाचण्यांवर आणि मग चाचणी झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. दक्षिण आशियात हे पहिलंच पाऊल होतं. त्यानंतर दक्षिण कोरिया, तैवान, ऑस्ट्रेलिया, मेक्सिको, कॅनडा असे देश येत गेले. चीनची गोष्ट वेगळी: तिथे आयात मालासाठी प्राण्यांवरची चाचणी सक्तीची होती. २०२१ पासून शाम्पू, मेकअप अशा सामान्य मालाला अटींवर सूट मिळाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी बंदी घातली, पण सबंध देशासाठी कायदा झालेला नाही.

युरोपातही प्रश्न मिटलेला नाही. तिथला रसायनांचा कायदा वेगळा आहे, आणि कारखान्यात रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या सुरक्षेसाठी तो प्राण्यांवरच्या चाचण्या मागू शकतो. होमोसॅलेट हा उन्हापासून त्वचा जपणाऱ्या क्रीममधला घटक, फक्त सौंदर्यप्रसाधनांत वापरला जाणारा. त्याच्यासाठी अशा चाचण्या मागितल्या गेल्या तेव्हा उत्पादक कंपनी न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टानं निकाल कंपनीच्या विरोधात दिला.